सुमित्राकाकूंची डुकरीण

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधले निम्मे मराठी लोक सुमित्रा दामल्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचे, आणि त्या निम्म्यांतल्या बहुतेकांची समजूत अशी होती की त्या कुणा डॉक्टरांच्या मिसेस असणार. त्यांचे यजमान गुरुनाथकाका रेल्वेचे सिग्नल डिझाइन करणारे इंजिनिअर होते. डॉक्टर होत्या त्या काकू स्वतः. पण गुरांच्या.

परळच्या व्हेटरनरी कॉलेजात त्यांच्या वर्गात त्या एकट्या मुलगी. म्हैस गाभण आहे की नाही हे बघायच्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "दामले, तुम्ही लांबून बघितलंत तरी चालेल." काकूंचं माहेरचं आडनावही दामलेच, लग्नाने त्यांचं काहीच बदललं नाही, असं त्या म्हणायच्या. तर त्यांनी पदर खोचला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि सांगितलं, "चार महिने. आणि सर, तुम्ही मघाशी तीन सांगितलेत." म्हैस कुणाच्या बाजूने व्याली हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

बहात्तर साली त्या अमेरिकेत आल्या. इथली परीक्षा पास झाल्या, पण इलिनॉयमधला एकही शेतकरी पाच फूट उंचीच्या, कुंकू लावलेल्या बाईला गोठ्यात घ्यायला तयार होईना. शेवटी सरकारने घेतलं. मांसाच्या कारखान्यात येणारी डुकरं आधी जिवंत तपासायची आणि मग कापल्यावर पुन्हा तपासायची, अशी ती नोकरी. सत्तावीस वर्षं त्यांनी ती केली. रबरी बूट, पांढरा कोट, डोक्याला जाळी, आणि डब्यात दहीभात. कारण काकू पक्क्या शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. "मी इतकं आतून पाहिलंय ना राधिका," त्या मला म्हणाल्या होत्या, "की मला बाहेरून खायची इच्छाच झाली नाही."

गुरुनाथकाका मात्र तिथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की सांगायचे, "ही फूड सेफ्टीत आहे." आणि लगेच हवेचा विषय काढायचे.

माझी त्यांची ओळख २००५ च्या गणपतीत झाली. मी मूळची नागपूरची, कॉम्प्युटर इंजिनिअर. नवरा सुशांत इथे कंपनीत होता आणि मी त्याच्या व्हिसावर आले होते, म्हणजे मला नोकरी करायला कायद्याने बंदी. शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा गणपती बसला होता. मी मोदकांच्या टेबलाशी उभी होते. एक ठेंगणी बाई आली, माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू खूप वेळ एका पायावर भार देऊन उभी आहेस. घरी काय करतेस दिवसभर?"

"काही नाही काकू. पोळ्या करते. मग परत पोळ्या करते."

"मंगळवारी सकाळी आठ छत्तीसची ट्रेन. स्टेशनवर ये. चांगले बूट घाल."

कुठे जायचंय हे मला ट्रेनमध्ये बसल्यावर कळलं.

काकू दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या होत्या. काका त्याच्याही आधी. दोघं दिवसभर एका घरात राहिल्यावर घर लहान पडायला लागलं, तेव्हा तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, इशिताने, फोनवरून तोडगा काढला: "आई, जस्ट गो व्हॉलंटिअर समव्हेअर. प्लीज." शिकागोतल्या एका म्युझियमला लोकांना फिरवून माहिती सांगणारे स्वयंसेवक हवे होते. मुलाखत घेणाऱ्या मुलीने काकूंचं कुंकू बघितलं आणि आनंदाने म्हणाली, "तुम्ही आमचं भारतीय दालन घ्या! शिव, विष्णू, बुद्ध..."

"देवांचं मला विशेष माहीत नाही," काकू म्हणाल्या. "जनावरं आहेत का कुठे?"

जनावरं होती. चीनच्या दालनात, सगळ्यात मागच्या खोलीत. दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजांच्या काळात, तिकडे माणूस मेला की त्याच्या थडग्यात मातीचा एक अख्खा संसार ठेवायचे. विहीर, चूल, धान्याचं कोठार, आणि मातीची जनावरं. कुत्री, कोंबड्या, बदकं, मेंढ्या, डुकरं. त्याच्याही आधीच्या काळात थोरामोठ्यांबरोबर खरी जनावरं आणि कधी खरी माणसंही पुरायचे. मग मातीची पुरेशी वाटायला लागली. ती खोली कुणालाच नको होती. पुढच्या खोलीत तिरंगी झिलईचे मोठे घोडे आणि उंट होते, सगळे फोटो तिथेच निघायचे. मागे ही कोंबड्या-डुकरांची आळी.

काकू तिथे पोचल्या आणि जणू त्यांना जिल्हाच मिळाला.

त्यांच्यासारखी टूर मी पुन्हा कधी ऐकली नाही. इतर स्वयंसेवक झिलई, राजवंश, परलोकाची कल्पना असं सांगायचे. काकू कुत्र्यापासून सुरुवात करायच्या. "हा पट्टा बघा. गळ्याला आणि छातीला दोन्हीकडे बांधलाय. म्हणजे कुत्रा ताकदवान आणि मालक शहाणा. शेपटी वर वळलेली, म्हणजे तब्येत उत्तम. मेल्यावर घर राखायला कुणी आजारी कुत्रा नेत नाही." मेंढीपाशी त्या दातांवरून वय कसं ओळखायचं ते सांगायच्या. बदकापाशी तळपायाला होणाऱ्या फोडांवर बोलायच्या. एकदा कुणीतरी विचारलं, या सगळ्याचा अर्थ काय? काकू म्हणाल्या, "अर्थ सरळ आहे. आम्ही माणूस गेल्यावर भाताचा पिंड ठेवतो आणि कावळ्याची वाट बघतो. यांनी कोंबडीच बरोबर दिली. वाट बघायला नको."

सगळ्यात गर्दी डुकरांच्या खोपटापाशी व्हायची. ते मातीचं लहानसं मॉडेल होतं: खाली डुकरांचा वाडा, वर जिना, आणि जिन्याच्या टोकाला एक खोली. "ही खोली म्हणजे संडास," काकू शांतपणे सांगायच्या. "वरचं खाली पडायचं. खाली डुकरं. पुढचं तुम्हाला कळलं असेल." चौथीच्या अमेरिकन मुलांनी यावर टाळ्या वाजवल्या होत्या. मंडळाच्या बायकांची ट्रिप आली तेव्हा मात्र वसुधाताई नावाच्या एका बाईंनी तोंडाला पदर लावला. "अगंबाई! आणि ते मेल्यावर बरोबर न्यायचं?"

"का? मेल्यावर लागणार नाही?" काकू म्हणाल्या.

मला काम मिळालं तळघरात. म्युझियमच्या जुन्या वस्तूंची पिवळी पडलेली कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची. दुपारी डबा खायला आम्ही एकत्र बसायचो. आणि तिथेच, नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी, काकूंनी डब्याचं झाकण न उघडताच मला विचारलं, "राधिका, उभं डुक्कर कधी डोळे मिटतं का?"

"मला कसं कळणार काकू?"

"नाही मिटत," त्या म्हणाल्या. "मी सत्तावीस वर्षांत एकही बघितलं नाही."

प्रश्न होता खोलीतल्या सगळ्यात मोठ्या डुकराचा. वीतभर उंच, दीड वीत लांब, हिरवट झिलईचं, काचेच्या फळीवर एकटं उभं. चारी पाय ताठ. पाटीवर लिहिलं होतं: 'वराह. हान काळ. या नराच्या ताठ पवित्र्यातून साम्राज्याची मर्दुमकी आणि आत्मविश्वास व्यक्त होतो.' पाटी लिहिली होती चिनी विभागाच्या प्रमुख डॉ. हेलन प्रेस्कॉट यांनी. उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. याच वराहाच्या मर्दुमकीवर त्यांनी अकरा पानी लेखही लिहिला होता.

"डोळे मिटलेत," काकू म्हणाल्या. "समोरून बघितलं तर उजवा कान गालाला चिकटलाय, डावा मोकळा. पोट मध्ये लोंबायला हवं, ते डावीकडे कललंय. आणि उजवी बाजू यांनी भिंतीकडे केलीय, ती दिसतच नाही. मला काहीतरी वेगळंच वाटतंय."

त्यांनी घरी जाऊन रिपोर्ट लिहिला. सरकारी नोकरीत प्रत्येक जनावराचं जसं कार्ड भरायच्या, तसाच. मी तो टाइप केला म्हणून मला पाठ आहे. जात: डुक्कर. लिंग: मादी असावी. वय: अंदाजे दोन हजार वर्षं. लक्षणं: डोळे मिटलेले, एक कान दाबलेला, पोट एका अंगाला. निदान: जनावर उभं नसून आडवं आहे. शिफारस: उजवी बाजू तपासू द्यावी.

डॉ. प्रेस्कॉटचं उत्तर चार दिवसांत आलं. तुमच्या उत्साहाबद्दल आम्ही आभारी आहोत, असं एका वाक्यात.

"उत्साह!" काकूंनी कागद माझ्यापुढे आपटला. "या देशात गप्प बस म्हणायचं असलं की उत्साहाचं कौतुक करतात. तेहतीस वर्षांत एवढं कळलंय मला."

त्या गप्प बसल्या नाहीत. पण मर्यादेत राहिल्या, संक्रांतीपर्यंत.

२००६ ची संक्रांत शनिवारी होती. दुपारी नेपरव्हिलला हळदीकुंकू, आणि सकाळी काकूंची जादा टूर. म्हणून त्या थेट काळी चंद्रकळा नेसूनच म्युझियममध्ये आल्या. वर जाडजूड कोट, खाली बर्फाचे बूट. टूर झाली, लोक पांगले, खोली रिकामी झाली. मी त्यांना न्यायला वर आले तेव्हा काकू दिसेनात. मग खाली बघितलं.

काकू फरशीवर उताण्या पडल्या होत्या. डोकं काचेच्या कपाटाखाली, पदर पोटावर नीट खोवलेला, एका हातात पर्समधला आरसा. कपाटाची फळी काचेची, त्यामुळे खालून डुकराचं पोट दिसत होतं.

मी हाक मारणार एवढ्यात गार्ड धावत आला. कर्टिस नावाचा, साडेसहा फुटी, मनाने फार मऊ माणूस. त्याला फक्त काळी साडी आणि बूट दिसले. त्याने वॉकीटॉकीवर "मेडिकल, मेडिकल, चीनची मागची खोली" असं सांगितलं आणि गुडघ्यावर बसला.

"मिसेस दामले! कुठे लागलंय?"

"मला नाही," कपाटाखालून आवाज आला. "हिला. टॉर्च आहे का तुझ्याकडे?"

कर्टिसने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कोणत्या अर्थाने ते मलाही ठाऊक नव्हतं. त्याने टॉर्च दिला.

"इकडे ये. खाली ये, असं उभ्याने काय दिसणार? हे बघ, रंग इथे वेगळा आहे की नाही? ओळीने? एक, दोन, तीन..."

"हो मॅम," कर्टिस म्हणाला. तोपर्यंत तोही उताणा झोपला होता. "चार, पाच. बटणांसारखं काहीतरी."

"बटणं नव्हे. सड आहेत ते. वरून कुणीतरी लिंपलंय."

वैद्यकीय मदत घेऊन तीन माणसं आणि एक स्ट्रेचर आलं, तेव्हा ही दोघं शेजारी शेजारी पडून मोजत होती.

नेपरव्हिलच्या स्टेशनवर गुरुनाथकाका गाडी घेऊन उभे होते. काकूंच्या पाठीवर धुळीचा मोठा चौकोन होता, काळ्या साडीवर अगदी उठून दिसणारा.

"पडलीस की काय?" काकांनी विचारलं.

"नाही. झोपले होते."

"कुठे?"

"म्युझियममध्ये. कर्टिसबरोबर. चला, हळदीकुंकवाला उशीर होतोय."

काकांनी गाडी सुरू केली आणि हवेचा विषय काढला.

पुढच्या मंगळवारी डॉ. प्रेस्कॉटने बोलावलं. काढून टाकणार, हे नक्की होतं. काकांनी सकाळी स्टेशनवर सोडताना तीनदा बजावलं, "सॉरी म्हण. आधी सॉरी, मग जे काय ते." आधार म्हणून मलाही त्या घेऊन गेल्या.

"मिसेस दामले, तुमच्यामुळे ॲम्ब्युलन्स आली होती," त्या म्हणाल्या.

"सॉरी," काकू म्हणाल्या. "हेलन, तुम्ही व्यालेली डुकरीण बघितली आहे कधी?"

"नाही," डॉ. प्रेस्कॉट म्हणाल्या.

काकूंनी सोफ्यावरची उशी उचलली आणि टेबलावर ठेवली. "ही अशी कुशीवर पडते. खालचा कान जमिनीने दाबला जातो. खालची बाजू सपाट होते. पोट पुढे सांडतं. पिलं लागली की डोळे मिटते आणि घशातून बारीक हुंकार देत राहते. पाय पुढे पसरलेले असतात." मग त्यांनी उशी उभी केली. "आता तिचे पसरलेले पाय मोडले समजा. कुणीतरी चार नवे लावले, उभी केली, सपाट बाजू लिंपून भिंतीकडे वळवली. काय दिसेल? मर्दुमकी."

मी जमिनीकडे बघत होते.

"बाळंतीण आहे हो ती," काकूंचा आवाज एकदम खाली आला. "तिला कुणी उभं करतं का?"

डॉ. प्रेस्कॉटने चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "आम्ही एक्स-रे काढू. त्यात काही निघालं नाही, तर हा विषय संपला. कायमचा."

एक्स-रे मार्चमध्ये निघाला. म्युझियमच्या दुरुस्ती विभागात दिव्याच्या काचेवर फिल्म लावली. ती समजायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. चारी पायांत चार पांढऱ्याशुभ्र लोखंडी सळ्या होत्या, सरळ पोटात शिरलेल्या. उजव्या बाजूला प्लास्टरचा जाड थर.

"फ्रॅक्चर जुनं, पिना नव्या," काकू म्हणाल्या. "साधारण कितव्या साली घेतली?"

"एकोणीसशे चौतीस," दुरुस्तीवाला म्हणाला. कुठल्यातरी व्यापाऱ्याने उभं जनावर जास्त रुबाबदार दिसतं म्हणून केलं असणार, असं त्याचं मत पडलं.

डॉ. प्रेस्कॉट फिल्मकडे बघत राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "अकरा पानं लिहिली मी." आणि मग, मला खरंच वाटलं नव्हतं, त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

प्लास्टर काढायला तीन आठवडे लागले. खाली सडांची ओळ निघाली, आणि सडांपाशी माती उकरल्यासारखे सात ओबडधोबड डाग. सगळे खूश झाले, हात मिळवले. काकू मात्र खुर्चीवरून उठेनात.

"पिलं कुठायत?"

"कसली पिलं?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"हे सात डाग कसले मग? इथे पिलं चिकटलेली होती. तोडली कुणीतरी. आई उभी केल्यावर ती लोंबकळती ठेवता येत नाहीत ना!"

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. आदल्याच महिन्यात मी १९३४ ची कार्डं चढवली होती, आणि त्यात एक मला विनोदी वाटलं म्हणून मी सुशांतला घरी जाऊन सांगितलंही होतं. मी तळघरात पळाले. कार्ड मिळालं. तोच व्यापारी, तीच तारीख. 'उंदीर, मातीचे, पाच. महत्त्व नाही.'

तळघरातल्या कपाटाच्या शेवटच्या ड्रॉवरमध्ये, कापसात गुंडाळलेले, ते पाच उंदीर बहात्तर वर्षं पडून होते. बोटाच्या दोन पेरांएवढे. नाकाच्या जागी चपटा तुटका भाग.

डुकरीण आता मऊ गादीवर कुशीवर निजवलेली होती. सळ्या आणि खोटे पाय निघाले होते. पांढरे हातमोजे घातलेला दुरुस्तीवाला एकेक पिलू चिमट्याने उचलून लावून बघत होता, आणि स्पर्श करायची परवानगी नसलेल्या काकू मागून सांगत होत्या, "अलीकडे. अजून अलीकडे. मान थोडी वर. हं! लागलं बघ तोंडाला."

तीन पिलं कडेला कड जुळून बरोबर बसली. दोघांच्या कडा झिजल्या होत्या, ती रंगावरून आणि अंदाजाने ठेवली. दोन जागा रिकाम्याच राहिल्या. "सातात दोन जातातच," काकू म्हणाल्या, आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या. बराच वेळ शोधत होत्या.

ही गोष्ट नेपरव्हिलमध्ये पसरायला वेळ लागला नाही, फक्त पसरताना बदलली. मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात काकूंना स्टेजवर बोलावलं आणि माइकवर सांगितलं, "आपल्यातल्याच एक ख्यातनाम चिनी कलातज्ज्ञ, ज्यांची फूड इंडस्ट्रीतही मोठी कारकीर्द झाली..."

मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. गुरुनाथकाका उभे राहिले होते. मंडळाच्या तीस वर्षांत ते कधी उभे राहिले नव्हते, नाटकाच्या मध्यंतरात सोडून.

"चारुदत्तजी, एक करेक्शन," ते म्हणाले. "ती कलातज्ज्ञ वगैरे काही नाही. ती गुरांची डॉक्टर आहे. सत्तावीस वर्षं कत्तलखान्यात डुकरं तपासत होती. दिवसाला हजारो. तिला झोपलेलं डुक्कर कळतं." मग एवढं बोलल्यावर काय करायचं ते न सुचून म्हणाले, "हवा बरी आहे आज," आणि खाली बसले.

पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या त्या वसुधाताईंनी. काकू स्टेजवर उभ्या, लाल झालेल्या, नवऱ्याकडे अशा बघत होत्या की मीच मान वळवली.

२००७ च्या एप्रिलमध्ये ती खोली नव्याने मांडली. डुकरीण मधोमध, कमी उंचीच्या कपाटात, चारी बाजूंनी दिसेल अशी कुशीवर निजलेली, पोटाशी पाच पिलं. पाटी डॉ. प्रेस्कॉटने नव्याने लिहिली, आणि शेवटच्या ओळीत 'डॉ. सुमित्रा दामले यांच्या निरीक्षणावरून' असं घातलं. पुढच्या खोलीतल्या घोड्यांपाशी आता कुणी फार थांबत नसे, असं मी म्हणणार नाही, घोडे घोडेच. पण मागे गर्दी व्हायला लागली.

पहिल्या रविवारी गुरुनाथकाकाही आले. दुपारची टूर संपली होती, आम्ही ट्रेनसाठी निघतच होतो. कपाटापाशी एक वयस्कर जोडपं उभं होतं. आयोवाहून नातवाकडे आलेले. ते गृहस्थ टोपी हातात घेऊन, वाकून, कुणाच्या घरी बाळ बघायला आल्यासारखे बघत होते.

"चांगली आई आहे," ते बायकोला म्हणाले.

काकू थांबल्या. "तुम्ही डुकरं पाळता?"

"एक्केचाळीस वर्षं, मॅम."

झालं. काकांनी कोटाची बटणं पुन्हा उघडली आणि बाकावर बसले. त्या दोघांचं बोलणं मला निम्मं कळलं नाही. मका, खोकला, जातिवंत, कमअस्सल, कुठली डुकरीण पिलांवर पडते आणि कुठली पडत नाही. त्या गृहस्थांची बायको अधूनमधून "एर्ल, पुरे" म्हणत होती, आणि एर्ल अजिबात थांबत नव्हता. तेवढ्यात तो पुन्हा वाकला आणि त्याने काचेवर बोट ठेवलं. कर्टिसने दुर्लक्ष केलं.

"एकच गोष्ट पटली नाही," एर्ल म्हणाला. "हे धष्टपुष्ट पिलू शेवटच्या सडाला कसं? पुढच्या सडांना दूध जास्त. थोराड पिलू मारामारी करून पुढे जातं. मागे राहतं ते मरतुकडं."

काकूंनी बघितलं. झिजलेल्या कडांची ती दोन पिलं होती, अंदाजाने ठेवलेली. एक जाडं, मागे. एक बारकं, पुढे.

काकाही उठून आले. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, गुडघ्यावर बसल्या, आणि शेजारी तो आयोवाचा शेतकरीही बसला.

"तुमचं बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. मग मान न वळवता हाक मारली, "कर्टिस! हेलनला फोन लाव. म्हणावं, ताबडतोब ये, पिलांची अदलाबदल झालीय."

"काकू, आज रविवार आहे," मी म्हणाले.

"मग? पिलाला भूक रविवारी लागत नाही?"

गुरुनाथकाकांनी घड्याळ बघितलं, आमची पुढची ट्रेन किती वाजता आहे ते एर्लच्या बायकोला समजावून सांगितलं, आणि काचेच्या पलीकडच्या बाजूने तेही खाली बसले.